दर्यावीर दामू आणि नायगावचा हेर

चहा घ्या आधी. निवला तर पुन्हा करून मिळणार नाही, कारण हे सांगायला बसले की मी मध्ये उठत नाही. आमच्याकडे बारसं असो, मुंज असो, कोणीतरी हा किस्सा काढतंच. आणि काढणारा दर वेळी असा काढतो की सगळी चूक माझी! अहो, माझी चूक झाली, नाही कोण म्हणतंय? पण सगळी? आज माझ्या तोंडून ऐका आणि मग सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय वेगळे दिवे लावले असते.

खरा गुन्हेगार वेगळाच आहे. त्याचं नाव दर्यावीर दामू.

नसेल ऐकलं तुम्ही. माझ्या लहानपणी या नावाची पुस्तकमाला निघायची. पातळ पुस्तकं, पिवळट कागद, वर होडीत उभा राहिलेला दामू आणि त्याच्या गळ्यात दुर्बीण. हा दामू बारा वर्षांचा. त्याला शाळा नाही, गृहपाठ नाही, दळण आणायला सांगणारी आई नाही. नुसता या बंदरातून त्या बंदरात हिंडतो आणि हेर पकडतो. चौदा भाग होते, आणि चौदाव्यात तर जहाजभरून हेर! माझा भाऊ मधूदादा ही पुस्तकं वाचून विसरला. मी पाठ केली. गिरगावातल्या आमच्या चाळीत जिन्याखाली बसून एकेक भाग वीस-वीस वेळा वाचला असेल मी.

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चौकटीत ‘दामूचे दंडक’ छापलेले असायचे. ‘माणूस वेष बदलतो, जोडे बदलत नाही. प्रथम जोडे पाहावेत.’ ‘सरळ दिसणाऱ्या माणसाचे कारण कधीच सरळ नसते.’ आणि सगळ्यात मोठा दंडक म्हणजे, ‘शत्रूपुढे गप्प राहू नये. खोटे सांगावे, आणि सांगावे तर भरघोस सांगावे.’

आता मला सांगा, आठ वर्षांच्या पोरीच्या हातात हे असलं द्यायचं का? तो लिहिणारा गृहस्थ मला भेटायला हवा होता. अहो, वाचणारी पोरं पुढे मोठी होतात, त्यांना संसार करायचे असतात, एवढं साधं लक्षात येऊ नये?

तर मी मोठी झाले. वीस वर्षांची झाले, साडी नेसायला लागले, मॅट्रिक होऊन घरी बसले. दामू मात्र डोक्यातून हलला नाही.

आणि दिवस कुठले, तर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे! गिरगावात आज सभा, उद्या मोर्चा, परवा अश्रुधूर. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ असं ओरडून ओरडून चाळीतल्या पोरांचे घसे बसलेले. शेजारच्या चाळीतून दोघांना साध्या वेशातल्या पोलिसांनी उचलून नेलं होतं. आमचा मधूदादा सरकारी कचेरीत कारकून. सरकारी नोकराने चळवळीत पडायचं नाही, आणि दादा तर गळ्यापर्यंत बुडालेला. बाबा निवृत्त झालेले, घर दादाच्या पगारावर चाललेलं. दादा पकडला गेला की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की आम्ही सगळेच रस्त्यावर.

दादा पत्रकं लिहायचा. ती कुठेतरी छापून आमच्याकडे यायची आणि तांदळाच्या डब्यात तांदळाखाली जायची. डबा उघडायचा तो फक्त मीच. आई सगळ्यांना सांगायची, “शालू किती कामसू झालीय हल्ली!”

ती पत्रकं न्यायला दादाचा मित्र वसंत यायचा. लोअर परळच्या एका गिरणीत हिशेबनीस होता. उंच, सावळा, कमी बोलणारा. गठ्ठा माझ्या हातातून घेताना म्हणायचा, “जपून राहा हं.” एवढंच. आणि जायचा. तीन महिने तेच! ‘जपून राहा’च्या पुढचं वाक्य हा बाबा कधी बोलणार, याची मी जिवाचा कान करून वाट बघत होते. आता या वयात लपवायचं काय? आवडायचा तो मला. खूप आवडायचा.

एका सकाळी मी पिठाच्या गिरणीतून दळण घेऊन आले. केसांत पीठ, नाकावर पीठ, अंगावर जुनेर. जिन्यापाशी एक अनोळखी गृहस्थ उभे. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, काखेत छत्री. ऐन थंडीत छत्री! मी पहिल्यांदा काय पाहिलं असेल? बरोबर. जोडे पाहिले. काळे, जाड तळाचे, चकचकीत. पोलिसांचे असतात तस्से!

“बाळ, इथे दिघे राहतात ना?” ते हळू आवाजात म्हणाले.

दिघे म्हणजे आम्हीच. वाटलं, धूम ठोकावी. पण दामू काय म्हणतो? गप्प राहू नये!

“राहतात की. पण तुम्हाला त्यांच्याशी काय काम?”

“काम असं काही नाही.” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “सहज चौकशी. मुलगा सरकारी नोकरीत आहे म्हणे. कायम आहे की हंगामी? संध्याकाळी घरी किती वाजता येतो? संगत कशी आहे? घरात कोण येतं, कोण जातं?”

आणि हे सगळं विचारताना खिशातून छोटी वही काढली. पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

तुम्ही आता गालात हसताय, दिसतंय मला. तुम्हाला वाटतंय, ही तर लग्नाची चौकशी! क्षणभर मलाही वाटलं होतं. पण लगेच दुसरा दंडक आठवला, सरळ दिसणाऱ्या माणसाचे कारण सरळ नसते. शिवाय मी विचारते, लग्नाची चौकशी करणाऱ्याने असं चोरासारखं का यावं? नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, कशासाठी आलो ते तर मुळीच सांगायचं नाही, आणि परक्या माणसाच्या येण्याजाण्याच्या वेळा वहीत टिपून घ्यायच्या! आपल्या लोकांची ही रीतच मुळात हेरगिरीची आहे. मग कोणी त्यांना हेर समजलं तर बोल त्याला का?

मी पिठाचा डबा खाली ठेवला आणि भरघोस सुरुवात केली.

“मधू दिघे ना? अहो, तो कसला येतोय जातोय! आठ-आठ दिवस अंथरुणातून उठत नाही. छातीत दोष आहे म्हणतात. बरा असला की सिनेमे. कचेरीत टिकतोय तेच नवल.”

दारू पितो असंही सांगणार होते, पण दारूबंदीचे दिवस. त्याच्यासाठीच धरून न्यायचे. म्हणून दारूच्या जागी एक बाई घातली. “आणि माहीमला कोणी नर्स आहे, तिच्याकडे चकरा असतात. देशकार्याला वेळ आहे कुठे त्याला?”

पेन्सिल भराभरा चालली होती. “अरेरे! आणि वडील?”

हा वर गेला आणि बाबांशी बोलला तर? बाबांना खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, “ठार बहिरे. आणि तापट. मागे एक जण विचारायला गेला तर वहाण फेकून मारली.”

त्यांनी एक पाऊल मागे घेतलं. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, “आणि मुलगी? शालिनी नाव ना तिचं?”

पोलिसांकडे माझं नाव गेलं! तांदळाचा डबा कळला! उद्या मला पकडतील, दादाबद्दल विचारतील, आणि मी काही बोलून गेले तर? तेव्हा माझ्या बोलण्यावर कोणाचा विश्वासच बसता कामा नये. दामूने अकराव्या भागात अगदी हेच केलं होतं.

“तिचं काय सांगू तुम्हाला!” मी पदर डोळ्याला लावला. “डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या. भिंतीशी बोलते. मध्येच स्वतःचं नाव विसरते. तिने काही सांगितलं तर अजिबात खरं धरू नका.”

“काय सांगतेस! दिसायला तरी चांगली आहे म्हणतात.”

“कोण म्हणतं?” मी पटकन विचारलं. मग सावरले. अहो, ते वाक्य बोलायचं जिवावर आलं होतं, पण दादासाठी बोलले. “छे हो. दिसायलाही बेताचीच.”

स्वतःच्या तोंडाने! कोणी केलाय का चळवळीसाठी एवढा त्याग? तुरुंगात गेलेल्यांचे सत्कार झाले. माझा कोणी केला?

गृहस्थांनी वही मिटली आणि माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. “गुणी आहेस हो, मुली. शेजाऱ्याबद्दल खरं सांगायला धैर्य लागतं. नाव काय तुझं?”

“कुसुम. दुसऱ्या माळ्यावर राहते.”

ते जिन्याच्या पायरीवरूनच परत फिरले. मी पीठ टाकून धावत सुटले ती थेट सावंतमावशींकडे. या मावशी मालवणच्या, आमच्या शेजारच्या खोलीत राहायच्या, आणि त्यांना सांगितलं की चाळीला सांगितलं.

“कोण तो मेलो?” मावशी विळी सोडून उठल्या. “येवंदे परत! आमच्या मधूक हात लावतलो?”

“हात नाही, मावशी. नुसतं विचारेल. विचारलं की मधूबद्दल वाईट सांगायचं. जेवढं सुचेल तेवढं.”

आणि आमची चाळ! एरवी सार्वजनिक नळाच्या वेळा ठरवायला दोन वर्षं लागली, पण या कामाला एकजूट बघा! दुसऱ्या दिवशी तो माणूस खरंच आला, पुढच्या दाराने न येता मागच्या गल्लीने. मावशींनी सांगितलं की मधू आईला उलट बोलतो आणि झोपेत चालतो. तळमजल्याच्या शिंप्याने सांगितलं की त्याने शिवून नेलेली पॅन्ट वर्षभर अंगावर आहे, दुसरी नाही. पहिल्या माळ्यावरच्या कर्णिककाकांना मी काही सांगितलंच नव्हतं, कारण त्यांचं बाबांशी भांडण. तरी त्यांनी अर्धा तास घेतला! नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, त्यांनी सगळं खरं सांगितलं होतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

मी वरून कठड्याआडून बघत होते. तो निघाला तशी मी चप्पल घातली आणि पाठलाग सुरू केला. ट्रामने तो दादर टी.टी.ला उतरला, मीही उतरले. तिथून चालत नायगाव. आणि नायगावात तो गेला कुठे? पोलिसांच्या वसाहतीकडे! वाटेत एक हवालदार भेटला. त्याने पाय जुळवून नमस्कार केला आणि म्हणाला, “कसं काय, सर?”

सर! म्हणजे साधासुधा शिपाई नव्हे, मोठा साहेब!

मी घरी कशी आले मला माहीत नाही. आता झडती ठरलेली. घरात कोणी नव्हतं, बाबा तेवढे आंघोळीसाठी थांबलेले. रविवारच्या सभेची हजारभर पत्रकं तांदळाखालून काढली आणि बंबात घातली. सगळी! धगधगून पेटली. बाबा आंघोळ करून बाहेर आले आणि समाधानाने म्हणाले, “आज पाणी फार छान तापलं होतं हो.”

त्याच संध्याकाळी वसंत आला. त्या दिवशी तो काही वेगळाच दिसत होता. शर्टाला इस्त्री, केसांना तेल. पत्रकांचं नावही न काढता दारात उभा राहून हळूच म्हणाला, “शालू, कोणी आलं होतं का चौकशीला?”

याला कसं कळलं? हुशारच होता तो. मी अभिमानाने म्हटलं, “आला होता एक म्हातारा. असा पळवून लावलाय की पुन्हा तोंड दाखवणार नाही!”

“पळवून लावलास?”

“हो तर! अशा माणसाला आमच्या घराची पायरी चढू देईन का मी?”

वसंतचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, धोका किती जवळ आला होता ते त्याला आत्ता कळलं. त्याने मान खाली घातली, “बरं” म्हणाला आणि जिना उतरून गेला. ‘जपून राहा’ देखील म्हणाला नाही. पुढे आठ दिवस त्याचा पत्ता नाही. मी म्हटलं, बरोबर आहे, भूमिगत झाला असेल. दादाही माझ्याशी धड बोलेना. पत्रकं जाळल्याचा राग असेल, असं मी धरून चालले. आणि दोघांना वाचवलं म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत राहिले. किती मूर्ख असावं माणसाने!

नवव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. पोस्टमनने ते कर्णिककाकांकडे दिलं, काकांनी वाचून बाबांकडे दिलं, आणि बाबांनी सवयीप्रमाणे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं.

“साष्टांग नमस्कार विनंती विशेष. माझा भाचा चि. वसंत याच्यासाठी आपल्या शालिनीचे स्थळ पाहावे, असे त्याच्या व आपल्या चिरंजीवांच्या मनात होते. त्यानुसार मी स्वतः येऊन चौकशी केली. परंतु आपल्या चिरंजीवांची प्रकृती व वर्तन, आपला स्वभाव, व विशेषतः कन्येच्या बुद्धीची स्थिती समजल्यावरून हा योग जुळणे कठीण दिसते. क्षमा असावी.”

बाबा थांबले. चष्मा पुसला. पुढे वाचलं.

“ताजा कलम. ही माहिती आपल्याच चाळीतल्या कुसुम नावाच्या एका सालस, सत्यवचनी मुलीकडून मिळाली. मुलगी फार आवडली. तिचे लग्न ठरले नसल्यास तिच्या वडिलांचे नाव कळवावे. आम्हास वसंतसाठी पसंत आहे.”

बघा! म्हणजे एकाच कार्डात नाकारलं तेही मलाच आणि पसंत केलं तेही मलाच!

“कुसुम कोण?” आईने विचारलं. चाळीत कुसुम एकच. सावंतमावशींच्या सासूबाई. वय वर्षं ऐंशी.

मी रडायला लागले. रडत रडतच सगळं सांगितलं. दादा असा तडकला, असा तडकला! “अगं, मी आणि वसंतने मिळून मामांना पाठवलं होतं! तुला आवडतो ना वसंत, म्हणून! आणि तू मला नर्स चिकटवलीस? त्या बिचाऱ्याला वाटतंय तू त्याला नको म्हणालीस!”

“मग मला आधी का नाही सांगितलं?” मीही ओरडले. रडत होते म्हणून काय झालं? “तुम्ही दोघं ठरवणार, मामा येऊन बघणार, कर्णिककाकांना विचारणार, शिंप्याला विचारणार! जिचं लग्न तिला सांगायची पद्धतच नाही का?”

याचं उत्तर साठ वर्षांत अजून कोणी दिलेलं नाही.

बाबांनी उलट टपाली कार्ड पाठवलं. ‘कुसुम व शालिनी एकच. कृपया येऊन खात्री करावी.’

रविवारी मामा आले. मागे वसंत, माझ्याकडे न बघता. मी चहाचा ट्रे घेऊन गेले. गेलं सगळं, असं वाटत होतं. मामांनी नाव विचारलं. मी सांगितलं, शालिनी. मग त्यांनी विचारलं, “तू मला समजलीस तरी कोण?”

“पोलीस,” मी म्हटलं. “सी.आय.डी.”

“मी? पोलीस?” मामा उभेच राहिले. “अगं, मी सदतीस वर्षं संस्कृत शिकवतोय!”

“पण तुमचे जोडे...”

“ते शेजारच्या हवालदाराने दिलेत. त्याचा मुलगा माझ्यामुळे पास झाला म्हणून!”

ऐकलंत? जोडे पोलिसाचेच निघाले! पण हे कोणी सांगतं का किस्सा सांगताना? नाही!

मग एकाएकी मामांचा चेहरा उजळला. “सी.आय.डी. म्हणालीस? मोठा अधिकारी वाटलो?” मी मान हलवली. सदतीस वर्षं ‘रामः रामौ रामाः’ करत बसलेला माणूस तो, आयुष्यात कोणी कधी घाबरलं नव्हतं त्यांना. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, वसंतकडे वळून म्हणाले, “मुलीची पारख चांगली आहे रे.” मग बाबांना म्हणाले, “मुलाचं, तुमचं, सगळं खोटं निघालं, आनंद आहे. आता मुलीच्या डोक्याचं तेवढं?”

बाबांना खोटं बोलता येत नाही, हे मी सांगितलंच. ते म्हणाले, “तिथे मात्र तुमची चौकशी अगदी पक्की आहे.”

खोली हसली. वसंतही हसला, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्याने माझ्याकडे पाहिलं. लग्न ठरलं.

इथेच संपलं असतं तर मी आज एवढी चिडले असते का?

मंडळी गेल्यावर आईने मला समोर बसवलं. दामूचे चौदाच्या चौदा भाग रद्दीत गेले. आणि ताकीद मिळाली. “यापुढे कोणी चौकशीला आलं, तर वर बोलवायचं, चहा द्यायचा, खरं ते सांगायचं. दादाचंही लग्नाचं वय आहे. पुन्हा घात करू नकोस.”

मी शपथ घेतली. जोड्यांकडे बघायचंसुद्धा नाही!

पंधरवडाही झाला नसेल. आई देवळात, बाबा वाचनालयात. संध्याकाळी जिन्यात एक हसतमुख गृहस्थ भेटले. “ताई, मधुकर दिघे इथेच ना? सहज चौकशी होती. नोकरी कुठे? घरी किती वाजता येतात? मित्रमंडळी कशी आहेत?”

शब्दन् शब्द तेच! यावेळी मी फसणार होते होय? त्यांना आत आणलं, पाट नव्हे, खुर्ची दिली. चहा दिला, वर कांदेपोहे केले. पोहे खाता खाता ते संकोचाने म्हणाले, “मुलगा चळवळीत वगैरे आहे का हो? काही लोकांना तसा मुलगा आवडतो.”

मी म्हटलं, बघा, किती देशभक्त सासर! “आहे म्हणजे? नुसता मागे घोषणा देणारा नाही. पत्रकं तोच लिहितो. परवाच्या सत्याग्रहाची तुकडी तोच नेणार आहे.”

“वा! अक्षर कसं आहे मुलाचं?”

स्थळ बघताना अक्षर मागतातच. मी आत जाऊन डब्यातून दादाच्या हातचा पत्रकाचा मसुदा आणला. पाच पानी, खाली झोकदार सही. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला. म्हणाले, “घरी दाखवतो.” मी आनंदाने म्हटलं, “ठेवा की! आणि थांबा ना जरा, सातला दादा येतोच. प्रत्यक्षच बघा.”

ते थांबले. का नाही थांबणार?

आता मला न्यायाने सांगा. लग्नाची चौकशी करणारा जे विचारतो, तेच पोलीस विचारतो. तशाच हळू आवाजात आणि तशाच बुळबुळीत हास्याने. मी खोटं सांगितलं ते लग्नवाल्यांना, खरं सांगितलं ते पोलिसांना. ह्यात मी कुठे कमी पडले? माणसाने ओळखायचं कशावरून?

नोकरीचं म्हणाल, तर दादा सहा महिने घरी बसला, आणि वसंतने आमच्या घराला हातभार लावला. पुढे दादाला परत घेतलंही. ते सगळं निभावलं. पण ती संध्याकाळ काही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. सातला दादा दमून आला. मी दारातच त्याचा हात धरला आणि कानात म्हटलं, “दादा, चेहरा धुऊन घे. तुला बघायला आलेत.”

दादाने आत पाहिलं. गृहस्थ पोह्यांची बशी खाली ठेवून उठले. खाली जिन्यापाशी आणखी दोघे उभे होते, गणवेषातले.

“मुलीचं नाव काय हो?” मी विचारलं.

“कुठली मुलगी, ताई?” ते म्हणाले, आणि खिशातून वॉरंट काढलं.

सगळी चाळ कठड्यावर आली. दादा दोन शिपायांच्या मध्ये ताठ चालत जिना उतरला. मी वर उभी राहून हंबरडा फोडणार, तेवढ्यात त्याने मान वर केली आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला,

“शाले, आईला सांग गं! मुलगा त्यांना इतका पसंत पडलाय की मुहूर्तालाही थांबायला तयार नाहीत!”